परक्या मुलखातील वसईकर

प्रवासात एकदा अपेक्षाभंग झाला की साऱ्या मुलखाविषयीच मनात अढी बसते. नंदाखालच्या शेजारी, वसईत, सोळाव्या शतकात जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांनी हा सोपा हिशेब नाकारला. जेझुइटांसमवेत ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले. पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. पुढे ते व्यापारी व नंतर मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून ते त्याच जपानमध्ये परतले. फ्रान्सिस्कनांनी क्योटोत कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभारले. राज्यकर्ता हिदेयोशीच्या हुकमावरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत गोन्सालोंना क्रुसावर मारण्यात आले. मग परक्यांवरील त्यांचा विश्वास फोल ठरला काय? त्यांच्यासमवेत मरण पत्करणाऱ्या पंचवीस जणांपैकी वीस जण जपानीच होते.