वैमानिक जे. आर. डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ हे फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांचे शेजारी होते. तेथेच ह्या बालकास उड्डाणाचा छंद जडला. १९२९ साली भारतातील पहिला वैमानिक परवाना त्यांस मिळाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ नामक लहानशा विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून एकटेच निघाले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! तेथे टाकी भरून ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. पेट्रोल किती उरले आणि इंजिनाचा स्वर कसा लागतो, ह्यांवरच वैमानिकाचा जीव अवलंबून असे.

पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. परंतु उंचीवर हवा विरळ होते. धायरीच्या मुलांस रोज दिसणारा सिंहगड सुमारे ४,३०० फूट उंच. त्या उंचीवरील हवा मुंबईच्या हवेहून सुमारे अष्टमांशाने विरळ असते. पेट्रोल तेवढेच सोडले, तर ते वाया जाते व प्लगांवर काजळी धरते. फार तोडले, तर इंजिन तापते आणि त्याचे बळ खचते. म्हणून अशा विमानांत मिश्रणाची निराळी दांडी असे, व उंची पाहून वैमानिक ती स्वहस्ते सरकवी. उतरताना ती पूर्ववत करण्याचा विसर पडणे घातक होय.

मोटारीस अशी दांडी का नसावी? रस्त्यावर चढ, उतार, गर्दी ह्यांमुळे इंजिनावरील भार क्षणोक्षणी बदलतो. चालकाने हाताने काय काय सांभाळावे? ते काम पूर्वी कार्ब्युरेटर ठोकळमानाने करी, आता संवेदक करतो. विमान मात्र तासन् तास एकाच उंचीवर एकाच वेगाने जाते. तेथे एकदा नीट जुळविले की पुरते. आजही पुष्कळ लहान विमानांत ही दांडी आहे.

पावसाळ्यात जुहूचे मैदान निरुपयोगी होई. तेव्हा टाटांचा हा सारा कारभार पुण्यास हले. सह्याद्री ओलांडून, ढगांतून ती लहान विमाने कशी येत असतील, ह्याची कल्पना सिंहगडावर पावसात चढलेल्यांस सहज येईल.

१९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.