हेन्री फेयॉल : व्यवस्थापनाची पाच कामं सांगणारा खाण इंजिनीअर

कॉमर्स किंवा एमबीए केलेल्यांनी व्यवस्थापनाची १४ तत्त्वं कधी ना कधी पाठ केलेली असतात. ती मांडणारे हेन्री फेयॉल मात्र प्राध्यापक नव्हते. त्यांची सगळी नोकरी एकाच खाण कंपनीत झाली.

१८४१ मध्ये इस्तंबूलमध्ये एका फ्रेंच कुटुंबात त्यांचा जन्म झाला. फ्रान्समधल्या सेंट एटिएन इथे खाणकामाचं शिक्षण घेऊन १८६० मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी, ते कोमाँत्रीच्या कोळसा खाणीत इंजिनीअर म्हणून लागले.

पुढच्याच वर्षी खाणीतल्या एका घोड्याचा पाय मोडला. फेयॉल यांनी बदली घोडा मागितला, पण तबेल्यावरचा माणूस देईना. चिठ्ठीवर मॅनेजरची सही नव्हती. मॅनेजर बाहेर गेलेले आणि त्यांच्या जागी कोणालाच नेमलेलं नाही. फेयॉल यांनी यातून धडा घेतला : साहेब नसले तरी त्यांचा अधिकार कोणाकडे तरी असायलाच हवा.

जमिनीखाली लागणाऱ्या कोळशाच्या आगी आटोक्यात आणण्यात त्यांनी नाव कमावलं आणि २५ व्या वर्षी ते स्वतः खाणीचे मॅनेजर झाले. खरी परीक्षा १८८८ मध्ये आली. कंपनी जवळपास बुडाली होती, भागधारकांना तीन वर्षं लाभांश नव्हता. अशा वेळी कंपनीची सूत्रं फेयॉल यांच्याकडे आली. त्यांनी तोट्यातला कारखाना बंद केला, नव्या खाणी घेतल्या, पोलादावरच्या संशोधनाला बळ दिलं. १९१८ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा कंपनी भक्कम स्थितीत होती.

या यशाचं श्रेय त्यांनी आपल्या तांत्रिक ज्ञानाला दिलं नाही, कामाच्या पद्धतीला दिलं. १९१६ मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी ती पद्धत लिहून काढली. त्यात व्यवस्थापनाची पाच कामं आहेत :

१. नियोजन : पुढचा अंदाज बांधून आराखडा करणं.
२. संघटन : माणसं, पैसा, साधनं जुळवणं.
३. आदेश : लोकांकडून काम करून घेणं.
४. समन्वय : विभागांचा मेळ घालणं. त्यासाठी विभागप्रमुखांची दर आठवड्याला बैठक.
५. नियंत्रण : ठरल्याप्रमाणे होतंय का, हे तपासणं.

व्यवस्थापन ही जन्मजात देणगी नाही, ते शिकवता येतं, हे त्यांचं ठाम मत होतं. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं पुस्तक इंग्रजीतून जगभर पोहोचलं ते त्यानंतर, १९४९ च्या अनुवादामुळे.

आजची पुस्तकं बहुधा चारच कामं सांगतात. 'आदेश' जाऊन 'नेतृत्व' आलं आणि समन्वय बाकीच्या कामांत मिसळला. पण साहेब रजेवर आहेत म्हणून फाइल अडते, दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे निर्णय एकाच माणसापाशी थांबतात. पाच जणांच्या स्टार्टअपपासून मोठ्या सरकारी कार्यालयापर्यंत हे आजही घडतं. अशा ठिकाणी नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी पाचपैकी नेमकं कोणतं काम राहून गेलंय, हे शोधलेलं बरं.