हजरत अबू मिहजन (रजि.) यांची तौबा

सकीफ कबिल्यातील हजरत अबू मिहजन (रजि.) शूर योद्धे आणि कवी होते; मद्याचे व्यसन मात्र सुटत नव्हते. वारंवार फटके बसूनही ते पुन्हा पीत. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, कादिसियाच्या युद्धावेळी सेनापती हजरत सअद (रजि.) यांनी त्यांना बेड्या घातल्या. परतण्याचे वचन देऊन त्यांनी सेनापतींच्या पत्नी सलमा यांच्याकडून सुटका मिळवली, पराक्रम गाजवला आणि स्वतः येऊन पाय पुन्हा बेडीत घातले. हे कळताच सअद (रजि.) यांनी शिक्षा माफ केली. तेव्हा अबू मिहजन (रजि.) यांनी मद्य कायमचे सोडले. शिक्षेने पाप धुतले जाते, या भरवशावर ते पीत आले होते. आता हिशेब थेट अल्लाहशी होता. व्यसनी बांधवाच्या अंतःकरणातही ईमान असते, हे विसरून त्याला हिणवू नये.