दैवाची सत्ता नाकारणारा गुलाम

सुख कशात आहे, या प्रश्नाचा ऊहापोह करणारे अनेक ग्रीक विचारवंत सुस्थितीत वाढलेले नागरिक होते. एपिक्टेटसच्या वाट्याला मात्र साधे स्वतःचे म्हणावे असे नावही आले नाही. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच ‘मिळवलेला’, म्हणजे मालकाची मत्ता, असा होतो.

आजच्या तुर्कस्तानातील हायरापोलिस या नगरात इ. स. ५०च्या सुमारास त्याचा जन्म झाला. रोममध्ये तो एपाफ्रोडिटसचा गुलाम होता. हा मालकही पूर्वी गुलामच. मुक्त झाल्यावर सम्राट नीरोच्या दरबारात तो मोठ्या पदावर चढला होता. एपिक्टेटस एका पायाने अधू होता. मालकाच्या छळामुळे हे व्यंग आले, असे एक परंपरा सांगते. ते लहानपणापासूनच होते, असे दुसरी सांगते.

दैवाचे खेळ त्याने याच घरात पाहिले. निरुपयोगी ठरवून विकून टाकलेला एक गुलाम पुढे थेट सम्राटाचा चर्मकार झाला, तेव्हा एपाफ्रोडिटस त्याच माणसाचे आर्जव करू लागला. एकदा एक श्रीमंत गृहस्थ मालकाचे पाय धरून रडला; आपल्याजवळ आता केवळ पंधरा लाख नाणी उरली, हे त्याचे दुःख होते! मालकालाही त्याची मनापासून कीव आली. या घरात खरा गुलाम कोण, हा प्रश्न त्या तरुणाला पडला असल्यास नवल नाही.

गुलाम असतानाच त्याला स्टोइक आचार्य मुसोनियस रुफस यांच्याकडे शिकण्याची संधी मिळाली. पुढे तो मुक्त झाला आणि स्वतः शिकवू लागला. मात्र सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले, तेव्हा त्यालाही रोम सोडावे लागले. नीरोला आत्महत्येत साहाय्य केल्याचा ठपका ठेवून याच सम्राटाने इ. स. ९५मध्ये एपाफ्रोडिटसला देहदंड दिला आणि पुढच्याच वर्षी सम्राटाचाही खून झाला. लंगडा निर्वासित मात्र ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकोपोलिस येथे शांतपणे पाठशाळा चालवीत होता.

त्याच्या शिकवणुकीचे सूत्र सरळ होते. देह, संपत्ती, कीर्ती, अधिकार या गोष्टी आपल्या हाती नाहीत. आपले विचार, इच्छा आणि निर्णय तेवढे आपले आहेत. परक्या गोष्टींवर सुख टांगले की माणूस त्या गोष्टींच्या मालकाचा दास होतो. हा दैववाद नव्हे काय, असा आक्षेप येथे घेतला जातो. गुलाम हा आपला भाऊच आहे, याची जाणीव तो मालकांना करून देई. पण गुलामगिरीची प्रथाच मोडावी, अशी मागणी त्याच्या उपलब्ध प्रवचनांत आढळत नाही, हेही खरे. तरीही त्याने निष्क्रियता शिकवली नाही. पुत्र, बंधू, नागरिक या नात्यांची कर्तव्ये चोख पार पाडण्यावर त्याचा कटाक्ष होता.

त्याचे आचरणही तसेच होते. घरातील लोखंडी दिवा चोरीस गेला, तेव्हा त्याने मातीची पणती आणली. आयुष्यभर एकटा राहिलेल्या या माणसाने उतारवयात, गरिबीपायी टाकून दिले जाणारे एका मित्राचे मूल सांभाळायला घेतले. इ. स. १३५च्या सुमारास तो निवर्तला.

त्याने स्वतः काहीही लिहिले नाही. एरियन या शिष्याने टिपून ठेवलेल्या प्रवचनांचे चार खंड आणि त्यांचे सार सांगणारी एक छोटी पुस्तिका आज उपलब्ध आहे. या प्रवचनांची एक प्रत पुढे मार्कस ऑरेलियसच्या हाती पडली. रोमन साम्राज्याच्या या अधिपतीने ती देणाऱ्या गुरूचे ऋण आपल्या टिपणांत आवर्जून नोंदवले आहे. ज्याला बाजारात किंमत लावून विकता येत होते, त्याच्याकडून मनावर राज्य कसे करावे हे एक सम्राट शिकला.