साडी नेसलेली मरियामाता : चित्रकार आंजेलो द फोन्सेका
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

एखादा धर्म दूर देशातून आला, म्हणजे त्या देशाचा पोशाखही त्याच्यासोबत कायमचा स्वीकारलाच पाहिजे का? या प्रश्नाला पंडितांनी ग्रंथ लिहून उत्तरे दिली आहेत. आंजेलो द फोन्सेका यांनी मात्र कागद, पाणी आणि रंग एवढ्या साहित्यावर उत्तर दिले, आणि त्या उत्तराची किंमत आयुष्यभर मोजली. त्यांचे जीवन आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना ठाऊक व्हावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील तिसवाडी भागातल्या सांत इस्तेव या बेटावर, एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. १५१० पासून चालत आलेल्या त्या राजवटीत चर्च, वेदी, मूर्ती, वाद्ये, सारे काही युरोपीय वळणाचे झाले होते. मुलगा डॉक्टर होणार अशी अपेक्षा होती. त्याप्रमाणे आंजेलो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. परंतु त्यांचे मन तेथे रमेना. वैद्यकीचा अभ्यास सोडून त्यांनी सर जे. जे. कलाशाळेची वाट धरली. तेथेही पाश्चात्त्य धर्तीच्या शिक्षणाने त्यांचे समाधान झाले नाही. अखेर ते बंगालला गेले.

हा त्यांच्या आयुष्यातील खरा वळणबिंदू. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांचा सहवास त्यांना लाभला. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांकडून जलरंगाची एक पद्धत आत्मसात केली होती. रंगाचा पातळ थर द्यायचा, कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा थर द्यायचा. असे अनेकदा केल्यावर चित्रावर धुक्यासारखी मृदू छटा उतरते. घाईचे हे काम नव्हे. फोन्सेकांच्या स्वभावाला ही पद्धत मानवली. याहून महत्त्वाचे म्हणजे परक्या नजरेने न पाहता आपल्या मातीकडे आपल्याच डोळ्यांनी पाहावे, हा धडा त्यांना येथे मिळाला. गोव्याला परत जाऊन तेथील चर्चमध्ये चित्रे काढावीत, असा सल्ला अवनींद्रनाथांनी त्यांना दिला, असे सांगतात.

१९३१ च्या सुमारास ते मोठ्या उमेदीने गोव्यात परतले. त्यांनी मरियामाता रंगविली ती सावळ्या वर्णाची, साडी नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, अनवाणी पायांची. जमिनीवर मांडी घालून बाळाला मांडीवर घेणारी ही स्त्री कोकणातल्या कोणत्याही घरात दिसावी अशी होती. आणि तेथेच वादळ उठले. भाविकांना आणि धर्मगुरूंना ही मरिया आपली वाटेना. हा तर हिंदू देवीचा अवतार, असा आक्षेप आला. ज्या भूमीसाठी ती चित्रे काढली, त्या भूमीनेच ती नाकारली. फोन्सेकांनी गोवा सोडला.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. मरिया ही पॅलेस्टाईनमधील यहुदी स्त्री. निळा झगा आणि सोनेरी केस हे तिचे मूळ रूप नव्हेच. इटलीच्या चित्रकारांनी तिला इटलीची केले, फ्लेमिश चित्रकारांनी आपल्या गावातील घरात आणून बसविले. त्यात कोणाला पाप दिसले नाही. मग भारतीयाने तिला साडी नेसविली तर पाप कसे? गंमत अशी की, गोव्यातील कारागिरांनी सतराव्या शतकातच हस्तिदंतात बाल येशूला मेंढपाळाच्या रूपात कोरताना आपल्या ओळखीचे कोरीवकाम त्यात मिसळले होते. शब्दांच्या बाबतीतही हे काम झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातच छापले गेले, आणि ते आपल्या मराठी ओवीत होते. येशूची कथा ओवीत शोभते, तर साडीत का शोभू नये?

गोवा सोडल्यावर फोन्सेकांना आसरा मिळाला तो पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ साली अहमदनगर येथे ज्या संघाची स्थापना केली, त्याचाच हा आश्रम. विन्स्लो यांच्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या विचारांचा प्रभाव होता. खादी वापरावी, भारतीय पद्धतीने राहावे आणि ख्रिस्ताची उपासना करावी, अशी तेथील रीत होती. आश्रम अँग्लिकन पंथाचा, फोन्सेका कॅथलिक. तरीही त्या छताखाली त्यांना चित्रे काढण्याचे स्वातंत्र्य मिळाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहाससंशोधक फादर हेरास यांनीही त्यांना उत्तेजन दिले. १९५१ साली त्यांचा आयव्ही यांच्याशी विवाह झाला व पुढे एक कन्या झाली. त्यांच्या अनेक मरियांच्या चेहऱ्यात पत्नीचाच चेहरा दिसतो, असे जाणकार म्हणतात.

ग्रंथालयातील एका पुस्तकात या चित्रांच्या प्रतिकृती मी प्रथम पाहिल्या. आम्ही वसईकडचे. माझी आजी आजही लाल चौकड्यांचे लुगडे नेसून मिस्सेला जाते. तिला अक्षरओळख नाही. वेदीवरची मरिया मात्र गोरीपान, झग्यातली. एका प्रतिकृतीची छायाप्रत मी आजीला दाखवली. तिने बराच वेळ निरखून पाहिले आणि ही कोणत्या गावची बाई, असे विचारले. मरिया आहे, असे सांगताच तिने कागद कपाळाला लावला. मला वाटते, फोन्सेकांना हवी असलेली पावती याहून वेगळी नसावी.

माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. विद्या म्हणजे घरची बोली, घरचा पेहराव, घरची माणसे यांच्यापासून थोडे दूर सरकणे, असे न बोलता शिकविले जाते. फोन्सेकांची चित्रे मला नेमके उलटे सांगतात. ते मुंबईला गेले, बंगालला गेले, जपानकडून आलेली पद्धत शिकले; आणि हे सारे वापरले ते आपल्या दारातल्या बाईला वेदीवर बसविण्यासाठी. शिकून घराकडे पाहण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

काळ मात्र हळूहळू बदलत होता. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. १९६३ साली तिने उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात चर्चची अशी कोणतीही एकच कलाशैली नाही आणि सर्व देशांच्या, आजच्या काळाच्या कलेलाही चर्चमध्ये स्थान आहे, हे तत्त्व मान्य झाले. लोकभाषेतील उपासनेचे दारही त्यानेच उघडले. आमच्या आजीच्या लहानपणी लॅटिनमध्ये असलेली मिस्सा पुढे मराठीत आली, ती याचमुळे. फोन्सेका तीस वर्षे कुंचल्याने जे सांगत होते, ते अशा रीतीने खुद्द रोमने सांगितले. परंतु हे बदललेले जग पाहायला त्यांना थोडीच वर्षे मिळाली. २८ डिसेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

पती गेल्यावर आयव्हीबाईंनी ती चित्रे वर्षानुवर्षे निगुतीने सांभाळली. आज त्यांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथे, जेझुइटांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. ज्या गोव्यातून त्या मरियेला निघावे लागले, त्याच गोव्यात ती परतली आहे. तिच्या पायांत आजही वहाणा नाहीत आणि डोक्यावरचा पदर ढळलेला नाही. फक्त तिला परकी म्हणणारे आता फारसे उरलेले नाहीत.