श्रीसनातन गोस्वामी : शेषाचे ओझे

गौडदेशाच्या सिंहासनावर सुलतान हुसेनशाह (१४९४ ते १५१९) असताना त्याच्या दरबारात दोन ब्राह्मण बंधू फार मोठ्या अधिकारावर होते. त्यांचे पूर्वज मूळचे कर्नाटकातील. थोरल्या बंधूंना दरबारात साकर मल्लिक म्हणत, धाकट्यांना दबीर खास. गौड नगरीजवळच्या रामकेली या गावी त्यांचा वाडा होता. हे गाव आज पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात आहे. द्रव्य, मान, विद्या, सेवक, कशाचीही उणीव नव्हती. सुलतानाचा तर थोरल्या बंधूंवर एवढा विश्वास होता की, राज्याचा बराचसा कारभार त्यांच्याच माथी असे.

१५१५ च्या सुमारास श्रीचैतन्य महाप्रभू रामकेलीस आले. दोघे बंधू मध्यरात्री वेष बदलून त्यांच्या दर्शनास गेले. महाप्रभूंनी त्यांना सनातन आणि रूप ही नावे दिली, आणि पुढे जग त्यांना याच नावांनी ओळखू लागले. त्या रात्रीनंतर दोघांचेही चित्त राजसेवेत रमेना. जे वैभव काल भूषण वाटत होते, ते आज ओझे वाटू लागले.

रूपांनी प्रथम घर सोडले. परंतु सोडण्यापूर्वी त्यांनी आपल्या संपत्तीची नीट व्यवस्था लावली. अर्धे द्रव्य ब्राह्मण व वैष्णवांना दिले, चौथा हिस्सा कुटुंबीयांच्या निर्वाहासाठी दिला आणि उरलेला चौथा हिस्सा संकटप्रसंगासाठी विश्वासू लोकांकडे ठेवला. शिवाय मागे राहिलेल्या सनातनांकरिता दहा हजार मुद्रा गौड येथील एका वाण्याकडे ठेवल्या. त्याग म्हणजे उठून चालू लागणे नव्हे, ज्यांचे आपल्यावर देणे आहे त्यांचे देणे आधी फेडणे होय, ही जाणीव या वाटणीत दिसते.

सनातनांची सुटका इतकी सोपी नव्हती. सुलतानाची प्रीती हीच त्यांची बेडी झाली होती. राजा रागावला तरच आपण सुटू, असे त्यांच्या मनात येई. त्यांनी प्रकृतीचे निमित्त सांगून दरबारास जाणे सोडले आणि घरी वीस-तीस पंडितांसह श्रीमद्भागवताचा विचार चालविला. सुलतानाने वैद्य पाठविला. रोग काही नाही, असे त्याने कळविले. मग एके दिवशी सुलतान स्वतःच अकस्मात वाड्यात येऊन ठाकला. सनातनांनी राज्यकारभार दुसऱ्याकडे सोपविण्याची स्पष्ट विनंती केली. सुलतानाने त्यांना बंदीत टाकले, आणि पुढे ओरिसाच्या स्वारीवर निघताना बरोबर येण्यास सांगितले. सनातनांनी तेही नाकारले. सुलतान स्वारीवर गेला, सनातन बंदीतच राहिले.

तेथे त्यांना रूपांचे पत्र पोहोचले. वाण्याकडील मुद्रांतून सात हजार मुद्रा बंदिपालाला देऊन सनातनांनी आपली सुटका करून घेतली. त्याने बेड्या तोडून त्यांना रात्रीच गंगेपार केले. ही सुटका द्रव्य देऊन मिळविली होती, हे कृष्णदास कविराजांनी आपल्या चैतन्यचरितामृत या बंगाली ग्रंथात लपविलेले नाही. ज्या द्रव्याचा वीट आला होता, त्याचा हा शेवटचा उपयोग होता, असे सनातनांना वाटले असावे. परंतु द्रव्याने त्यांची पाठ अजून सोडली नव्हती.

राजमार्ग टाळून आडवाटेने चालत ते आणि त्यांचा सेवक ईशान पातडा नावाच्या डोंगराळ भागात आले. तेथील जमीनदाराने त्यांचा विलक्षण आदर केला, स्नान व भोजनाची सिद्धता करून दिली आणि रात्री डोंगर पार करून देण्याचे वचन दिले. सनातनांनी आयुष्य दरबारात घालविले होते. मळके वस्त्र नेसलेल्या अनोळखी पांथस्थाला एवढा मान कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्यांनी ईशानाला विचारले, तेव्हा आपल्याजवळ सात मोहरा आहेत असे त्याने सांगितले. हा काळ बरोबर कशाला आणलास, म्हणून सनातनांनी त्याची निर्भर्त्सना केली आणि त्या सात मोहरा नेऊन जमीनदारापुढे ठेवल्या. तो हसला. सेवकाजवळ आठ मोहरा आहेत, हे त्याच्या पदरीच्या दैवज्ञाने त्याला आधीच सांगितले होते आणि त्या रात्री दोघांना मारून त्या घेण्याचा त्याचा बेत होता. आता या प्रामाणिकपणाने तो विरघळला. मोहरा घेईनासा झाला. परंतु सनातनांनी त्या आग्रहाने दिल्या, कारण त्या जवळ राहिल्या तर पुढे दुसरा कोणी जीव घेईल, हे त्यांना कळून चुकले होते. जमीनदाराने चार रक्षक देऊन रातोरात त्यांना डोंगर ओलांडून दिला.

पलीकडे गेल्यावर सनातनांनी ईशानाला पुन्हा विचारले. अजून काही शेष आहे काय? ईशानाने एक मोहर असल्याचे कबूल केले. ती आठवी मोहर त्याने लोभाने ठेवली होती की धन्याच्याच काळजीने, हे कोण सांगणार? बहुधा काळजीनेच, वाटेत लागेल, म्हणूनच माणूस ठेवीत असतो. सनातनांनी या वेळी राग केला नाही. ती मोहर घेऊन आपल्या घरी परत जा, एवढेच त्यांनी सांगितले. आपल्या वैराग्याचे ओझे त्यांनी सेवकावर लादले नाही. ईशान गेला. हातात पाण्याचे भांडे, अंगावर फाटकी कंथा, आणि एकट्याची वाट. चरित्रकार सांगतात की, त्या क्षणी सनातन निर्भय झाले. वाड्यात पहारेकरी असताना जे लाभले नव्हते, ते अरण्यात एका मोहरेच्या जाण्याने लाभले.

पुढे हाजीपूर येथे त्यांचे मेहुणे श्रीकांत भेटले. ते सुलतानासाठी घोडे खरेदी करण्यास तीन लक्ष मुद्रा घेऊन आले होते. मेहुण्यांनी काही दिवस राहण्याचा, मळके वस्त्र टाकण्याचा पुष्कळ आग्रह केला. सनातन थांबले नाहीत. तेव्हा निदान थंडीसाठी म्हणून श्रीकांतांनी एक उंची भोट कांबळे त्यांच्या अंगावर घातले. प्रेमाने दिलेली वस्तू; ती नाकारणे त्यांना जड गेले असावे.

ते कांबळे पांघरूनच सनातन काशीस पोहोचले. महाप्रभूंनी त्यांना उराशी धरले. यजमान चंद्रशेखरांनी नवे वस्त्र पुढे केले, ते सनातनांनी घेतले नाही. तपन मिश्रांकडून एक जुने धोतर मागून घेऊन त्याची कौपीन आणि बहिर्वास केली. एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाने काशीत असेपर्यंत आपल्याच घरी भोजन करावे, अशी प्रार्थना केली. सनातनांनी ती नम्रपणे नाकारून घरोघरीची माधुकरी पत्करली. महाप्रभू हे सर्व पाहून संतुष्ट होते. मात्र त्यांची दृष्टी वारंवार त्या कांबळ्याकडे जात होती. ते बोलले काहीच नाहीत.

सनातनांना खूण पटली. ते गंगेवर गेले. तेथे एका बंगाली गृहस्थाने आपली कंथा धुऊन वाळत घातली होती. माझे कांबळे घे आणि तुझी कंथा मला दे, असे सनातनांनी त्याला विनविले. त्याला ती थट्टा वाटली. शहाणा माणूस असा व्यवहार करीत नसतो. परंतु सनातनांनी खरोखरच अदलाबदल केली आणि ते कंथा पांघरून परतले. चांगला वैद्य रोग बरा करतो तेव्हा त्याचा शेष ठेवीत नाही, अशा अर्थाचे शब्द त्या वेळी महाप्रभूंनी काढले. यानंतरच दोन मास चाललेला तो भक्तिसिद्धांताचा उपदेश झाला, ज्याच्या बळावर सनातनांनी पुढे ग्रंथ रचले.

येथे कोणी असा ग्रह करून घेईल की, टाकतच जावे, जेवढे टाकावे तेवढे बरे. सनातनांच्याच चरित्रात याचे उत्तर आहे. काही काळाने ते झारखंडाच्या अरण्यातून जगन्नाथपुरीस गेले. वाटेतले दूषित पाणी आणि उपवास यांनी अंगभर खरूज होऊन व्रण वाहू लागले. हा देह आता कोणाच्या उपयोगी नाही असे वाटून, रथयात्रेत रथाच्या चाकाखाली तो टाकावा, असे त्यांनी मनाशी ठरविले. महाप्रभूंनी ते ओळखले आणि त्यांना निक्षून थांबविले. तुम्ही देह मला अर्पण केला आहे, तो आता माझा आहे; दुसऱ्याची वस्तू नष्ट करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या देहाकडून पुष्कळ कार्य करून घ्यायचे आहे, हेही त्यांनी सांगितले. व्रणांची पर्वा न करता ते सनातनांना आलिंगन देत राहिले आणि पुढे ते व्रण बरे झाले.

कांबळे टाकण्याजोगे होते, देह नव्हता. कांबळे आपले म्हणून जवळ ठेवले होते. देह ठेव म्हणून मिळाला होता. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग आणि शरीरक्लेशाच्या भीतीने सोडणे हा राजस त्याग ठरतो. आसक्ती व फल सोडून कर्तव्य करीत राहणे हाच सात्त्विक त्याग होय. सनातन पुरीहून वृंदावनास परतले ते त्या कर्तव्यासाठीच. तेथे त्यांनी यमुनातीरी श्रीमदनमोहनाची सेवा केली, लुप्त तीर्थांचा शोध घेतला, बृहद्भागवतामृत रचले आणि १५५४ मध्ये भागवताच्या दशम स्कंधावरील वैष्णवतोषणी टीका पूर्ण केली. ज्या देहाला ते टाकाऊ समजले होते, त्याने हे सर्व केले. त्यांच्या निर्वाणाचे स्मरण आषाढी पौर्णिमेस केले जाते. गोवर्धनाच्या परिक्रमेसाठी त्या दिवशी लोटणारा समुदाय मुंडिया पौर्णिमा म्हणून ती तिथी पाळतो.

गृहस्थाने राजपद सोडायचे नाही, घरही सोडायचे नाही. परंतु प्रत्येक घरात माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या मागच्या खणात ईशानाची आठवी मोहर असते. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली भांडी, कोणी प्रेमाने दिली म्हणून न वापरता जपलेली वस्त्रे, ज्यांचा उपयोग संपला आणि ज्यांची राखण मात्र संपली नाही अशा कितीतरी वस्तू. त्या ठेवण्यास जागा लागते, पण त्याहून अधिक मन लागते. रूपांप्रमाणे प्रथम घरच्यांचा वाटा आणि देणेकऱ्यांचे देणे पाहावे. आणि मग जे आपल्या उपयोगाचे उरले नाही, ते ज्याला थंडी वाजत आहे त्याच्या अंगावर घालावे. गंगेच्या घाटावरील तो गृहस्थ उबदार कांबळे पांघरून घरी गेला, आणि सनातन फाटकी कंथा पांघरून हलक्या पावलांनी परतले. त्या व्यवहारात दोघांपैकी कोणाचीही हानी झाली नाही.