डॉ. लॉसन विल्किन्स

विद्यार्थिमित्रहो, रणांगणावरील वीरांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. तान्ह्या मुलांचे प्राण वाचविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका वैद्याची ओळख आज करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

लॉसन विल्किन्स यांचा जन्म 1894 साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. वडील तेथेच वैद्यकी करीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरीची पदवी 1918 साली मिळवून विल्किन्स यांनी पुढे त्याच शहरी बालरोगांचा व्यवसाय आरंभिला. 1935 साली डॉ. एडवर्ड्स पार्क यांनी त्यांस हॅरिएट लेन बालरुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या रोगांचा विभाग काढण्याची गळ घातली. त्या काळी या शास्त्रात भोंदूगिरी फार, म्हणून विल्किन्स प्रथम नाखूष होते. परंतु पत्करलेले काम त्यांनी जीव ओतून केले.

1940 साली त्यांनी एका सहकाऱ्यासह साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा घरी सदा मीठ मागे व आवडीने खाई. रुग्णालयात त्यास नेहमीचा आहार मिळाला आणि सात दिवसांत तो दगावला. शवपरीक्षेत त्याच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी विकृत आढळल्या. त्यामुळे शरीरातील मीठ लघवीवाटे वाहून जात होते. ज्यास आपण खोड म्हणू, तीच त्या बालकाची संजीवनी होती!

अशी विकृती काही मुलांत जन्मतःच असते. ग्रंथीस कॉर्टिसॉल हा आवश्यक रस बनविता येत नाही. म्हणून मेंदूखालील पिट्युटरी ग्रंथी तिला सारखी टोचणी देते. ती फुगते व भलताच पुरुषी रस अतोनात स्रवते. 1950 साली विल्किन्स यांनी दाखवून दिले की, कॉर्टिसोन दिल्याने ही टोचणी थांबते व तो रस आवरतो. बोस्टन येथील संशोधकही त्याच सुमारास याच निष्कर्षास पोहोचले. त्याच वर्षी विल्किन्स यांचा मुलांच्या ग्रंथिरोगांवरील ग्रंथ निघाला. 1963 साली ते निवर्तले. त्यांचे शिष्य देशोदेशी पसरले होते.

आज अनेक देशांत नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून हा रोग ओळखतात. औषध जन्मभर घ्यावे लागते. पण मूल वाढते, शिकते, संसारही करते. पालकांस आमची एवढीच विनंती की, पहिल्या काही आठवड्यांत बाळ वारंवार ओकत असेल, मलूल दिसेल, वजन धरीत नसेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. मुलाच्या हट्टामागेही कधी कधी कारण असते, हे त्या अनाम बालकाने आपणा सर्वांस शिकविले आहे.